उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची चित्रं
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मुंबईची हद्द उत्तरेला दहिसरला संपते. मी राहतो ते हे दहिसर पूर्वीच्या साष्टी बेटाचा वरचा काठ. इथल्या मंडपेश्वरच्या लेण्यावर पोर्तुगिजांनी चर्च बांधलं, त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. 1737 साली मराठ्यांनी ठाण्यासह साष्टी घेतली, दोन वर्षांनी वसई घेतली. पुढे राघोबादादांच्या भांडणाचा फायदा उठवून इंग्रजांनी 1774 च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला जिंकला. मग सुरतेचा तह, पुरंदरचा तह, मधे लढाया, आणि 1782 साली सालबाईचा तह. या तहाने बाकीचं बरंच काही परत मिळालं, साष्टी मात्र कायमची कंपनीकडे राहिली. साष्टीबरोबर दहिसरही गेलं. इथल्या भातशेतीवाल्यांना, मिठागरांवर राबणाऱ्यांना, कोळ्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारण्याची रीतच नव्हती.

ही साष्टी मुंबईच्या इंग्रजांनी परस्पर घेतली, तेव्हा कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता वॉरन हेस्टिंग्ज. आधी त्याने नापसंती दाखवली, पण शेवटी तह झाला तो त्याच्याच अमदानीत. 1785 साली तो इंग्लंडला परतला आणि एडमंड बर्क नावाच्या खासदाराने त्याच्याविरुद्ध आरोपांची मोठी यादी मांडली. त्यात मराठ्यांशी केलेल्या युद्धाचंही एक कलम होतं. सारं लंडन या प्रकरणावर बोलू लागलं, आणि 11 मे 1786 रोजी तिथल्या बाजारात एक चित्र विकायला आलं.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. तेव्हा तुम्हीच ते डोळ्यांसमोर आणा. हेस्टिंग्ज उंटावर बसला आहे. अंगावर हिंदुस्थानी थाटाचा पोशाख, हातात ढाल. त्या ढालीवर लिहिलंय ‘इज्जत’. समोरून बर्क बंदूक रोखून येतो आहे, मागून फॉक्स खंजीर उगारतो आहे आणि माजी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ हळूच पैशाच्या थैलीला हात घालतो आहे. उंटावरच्या सामानावर शब्द लिहिले आहेत: महसुलात घातलेले लाखो रुपये, कंपनीचे वाचवलेले पैसे, हेस्टिंग्जने मिळवलेला मुलूख. चित्राचं नाव साधारण असं की राजकारणातले दरोडेखोर हिंदुस्थानच्या तारणहारावर तुटून पडले आहेत. काढणारा जेम्स गिलरे, वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर.

‘मिळवलेला मुलूख’ हे शब्द वाचले की मला वाटतं, त्यातच कुठेतरी माझं दहिसर आहे. आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणे असा वाक्प्रचार आहे. हजारो मैलांवरून राज्य हाकणाऱ्या त्या लोकांना गिलरेने खरोखरच उंटावर बसवलं होतं. शेळ्या मात्र चित्रात कुठेच नाहीत. आज मला बोलायचंय ते त्या चित्रांविषयी आणि त्यांत नसलेल्या माणसांविषयी.

ही चित्रं वर्तमानपत्रात छापून येत नसत. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र कोरायचं, पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथे मेण खरवडलेलं असेल तिथे तेजाब तांबं खातं आणि रेघ उमटते. त्या रेघांत शाई भरून कागदावर दाब दिला की चित्र तयार. मग बायका-मुलं ओळीने बसून हाताने रंग भरीत. एकेक सुटा कागद दुकानात विकला जाई. किंमत साधारण एक-दोन शिलिंग, म्हणजे मजुराला परवडणारी नव्हे. पण दुकानाच्या काचेमागे नवी चित्रं टांगलेली असत आणि ती फुकट बघायला रस्त्यावर झुंबड उडे. विकत घेणारा श्रीमंत, बघणारा कुणीही. काही दुकानदार तर चित्रांचं बाड संध्याकाळपुरतं भाड्याने देत. पाहुणे आले की आणायचं, हसायचं, सकाळी परत करायचं. गिलरेची चित्रं पुढे हॅना हम्फ्री नावाची बाई विके. तिच्याच दुकानाच्या वर तो राहत असे.

या चित्रांना तारखा असतात, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाचं काम सोपं होतं. होगार्थ या चित्रकाराच्या खटपटीने 1735 साली चित्रांच्या मालकी हक्काचा कायदा झाला. तो हक्क हवा तर छापणाऱ्याचं नाव आणि तारीख चित्राखाली घालावी लागे. आज आपण म्हणू शकतो की अमुक भाषण झालं आणि इतक्या दिवसांनी त्याची टिंगल बाजारात आली.

तुम्ही विचाराल, सरकार हे चालू कसं देत होतं? एक कारण असं की छपाईआधी परवानगी घेण्याचा कायदा तिथे 1695 सालीच संपला होता. छापल्यावर मात्र बदनामीचा खटला भरता येई. पण चित्रावर खटला भरणं भलतंच अवघड. वकिलाला भर कोर्टात उभं राहून सांगावं लागणार की महाराज, या चित्रात जो लठ्ठ माणूस अमुक अवस्थेत दाखवलाय, तो म्हणजे आपले राजेसाहेब. हे म्हणताच कोर्टात जो हशा पिकेल, तो चित्रापेक्षा महागात पडायचा. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आता दुसरं चित्र. तारीख 5 डिसेंबर 1783. चार्ल्स जेम्स फॉक्स हा नॉर्थच्या साथीने सत्तेवर होता. त्याने पार्लमेंटात एक विधेयक आणलं: ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार सात जणांच्या मंडळाकडे सोपवायचा. विरोधक म्हणाले, हा हिंदुस्थानातली सगळी बिदागी आपल्या माणसांच्या खिशात घालणार. तेव्हा जेम्स सेयर्स नावाच्या, मूळच्या वकील असलेल्या चित्रकाराने फॉक्सला हत्तीवर बसवलं. हत्तीला चेहरा दिला नॉर्थचा. पुढे बर्क तुतारी फुंकत चाललाय. मिरवणूक कंपनीच्या कचेरीकडे निघाली आहे. निशाणावर आधी ‘जनतेचा माणूस’ असं लिहिलं होतं, ते खोडून ग्रीक अक्षरांत ‘राजांचा राजा’ असं केलंय. फॉक्सच्या डोक्यावर पागोटं आणि अंगावर मोगल बादशहाचा पोशाख. चित्रात त्याचं नाव आहे ‘कार्लो खान’.

चित्र तुफान चाललं. त्याच महिन्यात उमरावांच्या सभागृहाने विधेयक फेटाळलं, राजाने मंत्रिमंडळ बडतर्फ केलं आणि चोवीस वर्षांचा पिट पंतप्रधान झाला. पार्लमेंटातल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी माझं जास्त नुकसान केलं, असं फॉक्स म्हणाल्याचं सांगतात. सेयर्सला पिटच्या राज्यात सरकारी पद मिळालं. पिटने दुसऱ्याच वर्षी कंपनीवर सरकारी नियंत्रण मंडळ बसवलंच. म्हणजे पुढच्या दाराने नाकारलेलं मागच्या दाराने आत आलं.

हे चित्र मी पुस्तकात प्रथम पाहिलं तेव्हा आधी हसलो. नॉर्थच्या तोंडाचा हत्ती पाहून कोण हसणार नाही? मग खालचं नाव वाचलं आणि हसू घशात अडकलं. फॉक्सला हुकूमशहा म्हणायचंय, तर म्हणा की. त्यासाठी त्याला खान करण्याची गरज काय? इंग्लंडच्या स्वतःच्या इतिहासात जुलमी राजांचा काही तुटवडा नव्हता. पण प्रेक्षकाला चटकन कळावं म्हणून चित्रकाराने जवळचं पागोटं उचललं. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान आहे. माणसाला नाव ठेवायचं तर त्याला माझ्यासारखं एखादं नाव ठेवून द्यायचं, ही युक्ती मला नवी नाही. ती इतकी जुनी आणि इतकी शिकल्यासवरल्या लोकांची आहे, हे मात्र त्या दिवशी कळलं.

फॉक्स आणि पिट यांचं भांडण हिंदुस्थानवरून होतं. चित्रात हिंदुस्थानचा हत्ती आहे, हिंदुस्थानचा पोशाख आहे. ज्याच्याबद्दल भांडण चाललंय तो हिंदुस्थानी माणूस मात्र त्या विनोदाच्या केंद्रात कुठेच नाही. त्याचे कपडे तेवढे कामाला आले. तो माणूस दिसतो तो 1788 साली. हेस्टिंग्जचा खटला सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. गिलरेनेच काढलेल्या चित्रात इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर थर्लो हेस्टिंग्जला खांद्यावर घेऊन रक्ताच्या समुद्रातून चाललाय, आणि त्या रक्तात हिंदी माणसांची प्रेतं तरंगताहेत. दोन वर्षांपूर्वीचा तारणहार आता रक्त ओलांडतो आहे. हातही तोच, चित्रकारही तोच. हे चित्र धाडसाचं आहे, यात शंका नाही. आपल्याच राज्यकर्त्यांच्या पायाखाली कुणाचं रक्त आहे हे लंडनच्या दुकानात टांगायला छाती लागते. पण आपल्याला त्या चित्रात जागा मिळाली ती प्रेत म्हणून. खटला 1795 पर्यंत चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

या साऱ्या चित्रांत एक हिंदी माणूस जिवंत आहे, आणि वर उभा आहे. तो टिपू सुलतान. 1791 च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरला. दाणावैरण संपली, बैल मेले, मोठ्या तोफा आपल्याच हातांनी फोडून टाकाव्या लागल्या. परतीच्या वाटेवर मेलकोट्याजवळ त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या. त्यांच्याबरोबर भरलेला बाजार होता. उपाशी इंग्रज छावणीने तिथे मिळेल त्या भावाने धान्य घेतलं. मराठ्यांच्या बाजारबुणग्यांना आपण इतिहासात नेहमी नावं ठेवतो. त्या दिवशी त्यांनीच इंग्रजांची फौज जगवली. सरकारी खुलासा होता, पावसाळा आला म्हणून माघार घेतली. सहा महिन्यांनी, 6 डिसेंबरला, गिलरेने तो खुलासा उचलला आणि चित्राला नाव दिलं ‘मोसमी पावसाचं आगमन’. कॉर्नवॉलिस गाढवावर बसून पळतो आहे आणि तटावरून टिपू खाली चक्क लघवी करतो आहे. हाच तो पाऊस.

युद्ध चालू असताना आपल्याच सेनापतीची अशी दशा दाखवणं, तीसुद्धा शत्रूच्या हातून, हे आजही किती देशांत चालेल ते तुम्हीच ठरवा. मराठा फौजेला मात्र त्या चित्रात जागा नाही. लंडनच्या विनोदाला एक दोस्त आणि एक दुश्मन पुरतो, तिसरा अडचण करतो.

याच 1791 सालाकडे आता पुण्यातून पाहू. त्या वर्षी 31 ऑगस्टला पुण्यात घाशीराम कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं. शहराचा कोतवाल, नाना फडणविसांच्या विश्वासातला, आणि त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले होते. लंडनमध्ये हे घडतं तर आठवड्यात दहा चित्रं निघाली असती. पुण्यात एकही निघालं नाही. घाशीरामावर मोरोबा कान्होबा यांचं पुस्तक आलं ते 1863 साली, इंग्रजी अमदानीत. विजय तेंडुलकरांचं नाटक आलं 1972 साली. म्हणजे सत्तेच्या त्या चेहऱ्यावर रंगमंचावर उघड हसायला पुण्याला 181 वर्षं लागली, आणि तेव्हाही केवढा गहजब झाला हे आपल्याला ठाऊक आहे.

याचा अर्थ पुण्याजवळ कारागीर नव्हते असा नाही. इंग्रज वकील मॅलेट संगमावर राहत होता. त्याच्या आणि जेम्स वेल्स या चित्रकाराच्या सहवासात गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा चित्रकार तयार झाला. त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, पहिलवान काढले, लेणी काढली. आडनाव तांबट, म्हणजे तांबं ज्यांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या खेळलं ते. तांब्याच्या पत्र्यावरून छपाईही आपल्याकडे झाली. 1805 साली मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने पत्र्यावर अक्षरं कोरून गीता छापली गेली. पत्रा होता, कोरणारा हात होता, शाई होती. पण त्या पत्र्यावर नाना फडणविसांचं वाकडं नाक कोरून बुधवारात विकायला बसेल, असा दुकानदार नव्हता. विकत घेणारा नव्हता, आणि असला तरी त्याला कोतवाल माहीत होता.

आपली थट्टा तोंडात होती. शिमग्याची सोंगं, बहुरूप्याच्या नकला, तमाशातला सोंगाड्या, शाहिरांच्या लावण्या-पोवाडे. सगनभाऊ हा सिकलगर घराण्यातला मुसलमान शाहीर. हत्यारांना धार लावणाऱ्या जमातीत जन्मला आणि शब्दांना धार लावून गेला. पण तोंडच्या थट्टेला तारीख नसते. ती गायली जाते, लोक हसतात आणि पहाटे फड उठतो. राजाला वाटलं तर ऐकलंच नाही असं म्हणता येतं. छापलेलं चित्र दुसऱ्या दिवशीही काचेमागे तसंच टांगलेलं असतं.

तरी त्या काचेचंही कौतुक जपूनच करावं. 1796 च्या जानेवारीत गिलरेला अटक झाली होती. राजपुत्राला मुलगी झाली त्यावर त्याने काढलेल्या चित्रात बायबलातल्या प्रसंगाची विटंबना आहे असं कारण होतं. प्रकरण पुढे गेलं नाही. पण 1797 पासून तोच गिलरे पिटच्या सरकारकडून वर्षाला दोनशे पौंड घेऊ लागला. ज्याने राजालाही सोडलं नाही, त्याची सुई आता अधिक करून विरोधकांच्या आणि फ्रेंचांच्या अंगात रुतू लागली. 1820 साली गादीवर नवा राजा चौथा जॉर्ज आला, तेव्हा जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराने शंभर पौंड घेऊन लिहून दिलं की महाराजांना अनीतीच्या प्रसंगात रंगवणार नाही. दंडुक्याने जे साधलं नाही ते थैलीने साधलं. हसू बंद पाडण्यापेक्षा हसऱ्याला विकत घेणं सोपं, हे राज्यकर्त्यांना कळायला शंभर वर्षं लागली, एवढंच.

हाच विनोद पुढे बोटीने मुंबईला आला. लंडनच्या ‘पंच’वरून 1854 साली मुंबईत ‘पारसी पंच’ निघालं. मग शेजारच्या ठाण्यात मराठी ‘हिंदू पंच’ निघू लागलं. आमचं दहिसर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. चित्र आलं, मासिक आलं, साप्ताहिक आलं. पण त्यांच्या देशात चित्रामागे जे उभं होतं ते त्या बोटीत चढलं नव्हतं. 1870 साली इथे राजद्रोहाचं 124-अ कलम आलं. 1897 साली टिळकांवर याच कलमाखाली खटला झाला. आरोपाच्या मजकुरात ‘केसरी’तली एक कविताही होती. नऊ जणांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना दोषी ठरवलं. 1908 साली पुन्हा खटला. या वेळी ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं, मंडाले.

ज्यूरीचा हा अधिकार आला कुठून, हे आता सांगायला हवं. इंग्लंडात जुनी रीत अशी होती की मजकूर छापला की नाही एवढंच ज्यूरीने पाहायचं. तो गुन्हेगारी स्वरूपाचा आहे की नाही हे न्यायाधीश ठरवणार. 1792 साली हे बदललं. मजकूर बदनामीकारक आहे का, हे बारा साध्या माणसांनी ठरवायचं असा कायदा झाला. तो कायदा पार्लमेंटात मांडला आणि लढवला चार्ल्स जेम्स फॉक्सने. तोच, कार्लो खान. एका चित्राने ज्याची सत्ता घालवायला मदत केली, त्या माणसाने नऊ वर्षांनी चित्रांच्या विरुद्ध कायदा मागितला नाही. छापणाऱ्याला सरकारच्या हातून सोडवण्याचा कायदा केला. त्याच्यावर हसलेल्या लोकांनाही त्याचा आसरा मिळाला.

मुंबईच्या हायकोर्टात ज्यूरी बसली, पण तिच्यात माणसं कोण असावीत हे राज्यकर्त्यांच्या सोयीने ठरलं. कायद्याची अक्षरं आली, शेजारी बसणारा शेजारी आला नाही. 2012 साली याच मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा कलम तेच होतं, राज्य आपलं होतं. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हिंसेला चिथावणी नसेल तर कडक टीका म्हणजे राजद्रोह नव्हे.

म्हणून ही जुनी चित्रं पाहताना मी दोन गोष्टी शोधतो. एक, पागोटं कुणाच्या डोक्यावर ठेवलंय आणि ते कुणाकडून उचललंय. दुसरी, ज्याची खोड काढली त्याने पुढे काय केलं. पहिल्या गोष्टीत सेयर्स, गिलरे यांच्यासारखे मोठे कारागीरही नापास होतात. दुसऱ्या गोष्टीत भले भले राजे नापास झाले. पास झालेल्यांत मला दिसतो तो एक लठ्ठ, कर्जबाजारी, जुगारी इंग्रज, ज्याला लोकांनी हत्तीवर बसवून खान म्हटलं होतं.